दार लोटून बसलेल्यांचे प्रश्न

गेल्या अंकात एकांतावर लिहिलं होतं, की एकांत आणि एकटेपणा हे आपण फार सहज एकाच पिशवीत कोंबतो, खरं तर एक आपण मागून घेतलेला असतो आणि दुसरा आपल्यावर येऊन पडलेला. त्यावर इतकी पत्रं आली की अख्खा महिना ती वाचण्यातच गेला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून सहा निवडलीत. नावं मुद्दामच काढून टाकलीत, विषयच तसा आहे.

प्रश्न: लग्नाला अकरा वर्षं झाली, नवरा चांगला आहे, भांडण नाही तंटा नाही. पण मला दिवसातून एक तास तरी आसपास कुणीच नको असतं. आतल्या खोलीत दार लोटून बसले की दहाव्या मिनिटाला "काय झालं, बरं नाही का", मग "माझं काही चुकलं का", आणि हल्ली तर गाडी "कुणाशी बोलतेस" इथपर्यंत आलीये. मी काहीच करत नसते हो, नुसती बसलेली असते. आता मलाच अपराधी वाटायला लागलंय. काय करू?

उत्तर: आधी ते अपराधी वाटणं बाजूला ठेवा. तुम्ही मागताय ती गोष्ट खूप जुनी आहे आणि भल्याभल्यांनी मागितलेली आहे. फ्रान्समधला मोंतेन, निबंध हा प्रकार ज्याच्या नावावर जमा आहे तो, 1571 मध्ये वयाच्या 38व्या वर्षी कोर्टाचं काम सोडून घरच्या बुरुजातल्या पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसला. एकांतावरच्या त्याच्या निबंधात तो म्हणतो की बायको असावी, मुलं असावीत, मालमत्ता असावी, पण दुकानामागे जशी एक खोली असते तशी मनामागे एक खोली फक्त आपली ठेवावी, तिथे दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही. आता यात बघा, तो घर सोडायला सांगत नाहीये. दुकान चालूच आहे, गिऱ्हाईक येतंय जातंय, मागे खोली आहे इतकंच. आणि हाच माणूस नंतर 1581 पासून चार वर्षं बोर्दो शहराचा महापौर होता, म्हणजे मागच्या खोलीत बसणारा माणूस पुढच्या दुकानात कामाचा राहत नाही असं काही नसतं.

पण तुमची अडचण निराळी आहे, तुम्हाला खोली मिळालीये, दाराबाहेर उभा असलेला माणूस शांत नाहीये. आणि बाहेर कुणीतरी अस्वस्थ उभं असेल तर आतला तास आपल्याला लाभत नाही, कान सगळे दाराकडे लागलेले असतात. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, की एकांत आपण एकट्याने मिळवत नाही, तो आपल्याला आपल्या माणसांकडून मिळतो. विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश डॉक्टर होते, लहान मुलांचे आणि मनाचेही, त्यांनी 1958 मध्ये यावर एक छोटा निबंध छापला. त्यांचं म्हणणं असं की एकटं राहता येणं माणूस एकटं राहून शिकत नाही, आई जवळ बसलेली असताना शिकतो. आई खोलीत आहे, पण ती मूल काय करतंय यात नाक खुपसत नाहीये, आणि मूल आपल्या तंद्रीत आहे कारण आई कुठे जाणार नाही हे त्याला माहीत आहे. हे वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली, ती शिवण घेऊन बसायची, मी तिच्या पायाशी बटणांचा डबा पालथा करून तासन् तास काहीतरी मांडत बसायचे, दोघी एकमेकींशी एक शब्द बोलायचो नाही. इतकी निवांत मी नंतर फार कमी वेळा झालेय.

तुमच्या नवऱ्याला हेच हवंय बहुतेक, ही कुठे जाणार नाहीये याची खात्री. दारावर टकटक झाल्यावर ती देऊ नका, तेव्हा दोघांचाही आवाज चढलेला असतो. एखाद्या बऱ्या दिवशी आधीच सांगा, की साडेसहा ते साडेसात मी आत असते, काही बिघडलेलं नसतं, साडेसातला बाहेर येते. आणि ठरल्या वेळेला खरंच बाहेर या, बाहेर आलात की थोडं त्यांच्याजवळ बसा. "कुणाशी बोलतेस" याचं उत्तर म्हणून रोज फोन उघडून दाखवू नका, एकदा ते सुरू झालं की त्याला शेवट नाही. त्यापेक्षा त्यांनाही विचारा, तुमचा असा तास कुठला. बऱ्याच पुरुषांना हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारलेलाच नसतो.

प्रश्न: मी एकोणीस वर्षांचा आहे. मोबाइल बाजूला ठेवून नुसतं बसायचं ठरवलं तर पाच मिनिटांत जीव कासावीस होतो, हात आपोआप खिशाकडे जातो. माझ्यात काही बिघाड आहे का? मित्र म्हणतात सगळ्यांचंच असं आहे.

उत्तर: मित्र बरोबर सांगतायत. 2014 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला होता. लोकांना रिकाम्या खोलीत 15 मिनिटं नुसतं विचार करत बसायला सांगितलं, जवळ एक बटण, दाबलं तर विजेचा सौम्य झटका बसणार. झटका कसा लागतो ते त्यांनी आधी अनुभवलेलं होतं आणि तो टाळायला आम्ही पैसेही देऊ असं म्हणाले होते. तरी 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 बायकांपैकी 6 जणींनी त्या 15 मिनिटांत स्वतःला निदान एकदा तरी झटका देऊन घेतला. छोटासा प्रयोग आहे, त्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलू नये, पण तुझा हात खिशाकडे जातो तेव्हा तू एकटा नाहीस एवढं तर नक्की. आणि हे फोनमुळेच झालं असंही समजू नकोस, माणसाची सगळी दुःखं एका खोलीत स्वस्थ बसता न येण्यातून येतात असं पास्कल हा फ्रेंच विचारवंत लिहून गेला, आणि तो वारला 1662 मध्ये. फोनने फक्त पळायची वाट खिशात आणून ठेवली.

आता करायचं काय. एकदम रिकाम्या खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसू नकोस, तो सगळ्यात अवघड प्रकार आहे आणि दोनदा जमलं नाही की माणूस नाद सोडतो. चालायला जा, फोन घरी ठेवून, कानात काही न घालता. नाहीतर हाताला काम दे, सायकल पूस, कपाट आवर, चित्र काढ, वाईट काढ. पहिली दहा मिनिटं डोक्यात नुसता कचरा येईल, कोण काय बोललं, मी काय बोलायला हवं होतं, कुणी मेसेज बघून उत्तर दिलं नाही. येऊ दे. त्याच्या मागे दुसरं काहीतरी रांगेत उभं असतं, आणि पहिला कचरा निघून जाईपर्यंत आपण थांबतच नाही म्हणून ते कधी दिसत नाही.

वृक्षवल्लीचा अभंग तू शाळेत पाठ केला असशील, पण त्याचा शेवट आठवतोय का? "आपुलाचि वाद आपणांसी." तुकोबांना झाडं, पाखरं, आकाशाचा मांडव हे सगळं हवंय, आणि त्या सगळ्यात बसून करायचं काय तर स्वतःशी वाद. वाद म्हटलंय त्यांनी, मला तो शब्द फार आवडतो. एकांत म्हणजे शांत शांत वाटणं असं कुणी सांगितलं असेल तर ते अर्धंच आहे. सुरुवातीला तिथे भांडण असतं, आणि ते टाळायलाच तर आपण स्क्रीन उघडतो.

प्रश्न: मुलगी पंधरा वर्षांची आहे. आधी सगळं सांगायची, आता शाळेतून आली की खोलीचं दार बंद. फोनला पासवर्ड. आमच्या घरात कधी लपवाछपवी नव्हती. बायको म्हणते तिचा फोन गुपचूप बघू या. नातेवाईक म्हणतात पोरगी एकलकोंडी झाली. मला काही सुचत नाहीये.

उत्तर: एकलकोंडी, घुमी, माणूसघाणी. आपल्याकडे एकटं बसणाऱ्याला द्यायला शब्द किती आहेत बघा, आणि एकही चांगला नाही. तुम्ही तो तिच्यासमोर वापरू नका आणि नातेवाइकांनाही वापरू देऊ नका, या वयात असं लावलेलं लेबल वर्षानुवर्षं अंगाला चिकटून राहतं.

पंधराव्या वर्षी दार बंद होणं ही बहुतेक वेळा वाढ असते. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गुपितावर एक निबंध लिहिला. गुपित ठेवता येणं ही माणसाची एक मोठी कमाई आहे असं ते मानतात, कारण अगदी लहान मुलाला मनात आलेलं लगेच बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि ज्या दिवशी त्याला काहीतरी आपल्यापाशी ठेवता येतं त्या दिवशी उघड्या जगामागे त्याचं दुसरं एक जग तयार होतं. तुमची मुलगी ते जग उभं करतेय. तुम्ही म्हणता घरात लपवाछपवी नव्हती, पण विचार करा, तुमचं बायकोपाशी न बोललेलं काहीच नाही का? सगळं सांगणं म्हणजे प्रेम असं असतं तर कुठलंच लग्न टिकलं नसतं.

फोन गुपचूप बघण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, बघू नका. तिला कळणार, आज नाहीतर महिन्याने, आणि त्या दिवसानंतर ती पासवर्ड बदलेल, दुसरं अकाउंट काढेल, आणि जी गोष्ट ती कधीतरी तुम्हाला येऊन सांगणार होती ती आता अजिबात सांगणार नाही. हो, काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, मैत्रिणी एकदम बंद झाल्या, अंगावर जखमा दिसल्या, फोन वाजला की चेहरा उतरतो, किंवा जगण्यात अर्थ नाही अशा धर्तीचं काही बोलली, तर हा एकांत राहिलेला नाही. तेव्हा समोर बसून सरळ विचारायचं, "तू घाबरली आहेस का, कुणी त्रास देतंय का", आणि डॉक्टरांची किंवा समुपदेशकांची मदत लगेच घ्यायची. त्या वेळी फोन बघावा लागला तरी तिला सांगून बघायचा.

एरवी दारावर टकटक करून आत जा, आणि ती "नंतर" म्हणाली तर खरंच परत फिरा. तुम्ही परत फिरलात हे ती लक्षात ठेवेल.

प्रश्न: ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याला प्रायव्हसी कशाला लागते?

उत्तर: आंघोळ करताना आपण दार लावतो, तिथे कुणी गुन्हा करत नसतं.

मजकुराचं वाईट-चांगलं हा मुद्दाच नाही, तो कुणी वाचावा हे ठरवणार कोण हा मुद्दा आहे. 1890 मध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला, माणसाला एकटं राहू दिलं जाण्याचा हक्क असतो असं मांडणारा. त्यांना हे तेव्हाच का सुचलं? तर फटकन फोटो काढणारे कॅमेरे नुकते आले होते, कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा 1888 चा, आणि वर्तमानपत्रांना लोकांच्या घरातल्या भानगडींची चटक लागली होती. तोपर्यंत कुणाचा फोटो काढायचा तर त्याला समोर स्थिर बसवावं लागायचं, म्हणजे त्याची संमती आपोआपच आली. नव्या कॅमेऱ्याने ती गरज काढून टाकली. आजही नेमकं हेच होतंय. पूर्वी तुम्ही कुठे गेलात, रात्री किती वाजेपर्यंत जागे होतात, कुणाचं पत्र वाचून उत्तर दिलं नाहीत, हे शोधायला कुणाला तरी कष्ट पडायचे आणि ते कष्ट हीच तुमची भिंत होती. आता लास्ट सीन आणि निळ्या टिका ते फुकट सांगतात. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात बाराव्या कलमात खाजगीपण, कुटुंब, घर आणि पत्रव्यवहार हे एका दमात घेतलेत, आणि त्यात पत्रात काही लपवण्यासारखं असलं पाहिजे अशी अट कुठेही नाही.

प्रश्न: तुमचा लेख वाचून राग आला. एकांतावर निबंध लिहिणारे सगळे बुरुजवाले, जमीनवाले पुरुष. आम्ही दोन खोल्यांत सहा जण राहतो. मला रडायचं असेल तरी नळ सोडून रडावं लागतं. आम्हाला कसला एकांत सांगताय?

उत्तर: राग बरोबर आहे. तुमचं नळाचं वाक्य मी खूप वेळा वाचलं.

खाजगी या शब्दाचंच बघा. खासगी, खास वरून आलेला, जुन्या राजवटीत राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीला खासगी म्हणायचे. म्हणजे खाजगी असं काही असणं हा मुळात मोठ्यांचा मान होता. आणि बाईच्या बाबतीत हे सगळ्यात स्वच्छ मांडलं ते व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने. 1928 मध्ये केंब्रिजच्या मुलींच्या कॉलेजांत तिने भाषणं दिली, पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं. बाईला लिहायचं असेल तर वर्षाला 500 पौंड आणि स्वतःची एक खोली हवी, खोलीला कुलूप हवं. किती व्यवहाराचं बोललीये, मनःशांती वगैरे काही नाही, पैसे आणि कुलूप. कादंबरीकार जेन ऑस्टिन सगळ्यांच्या बसायच्या खोलीत लिहायची आणि कुणी आलं की कागद झाकून ठेवायची, हेही वुल्फने त्यात सांगितलंय.

थोरो या अमेरिकन लेखकाचंही सांगते, कारण तो एकट्याने रानात राहिला असं सगळे मानतात. 4 जुलै 1845 ला तो वॉल्डन तळ्याकाठी 10 बाय 15 फुटांच्या झोपडीत राहायला गेला, दोन वर्षं दोन महिने दोन दिवस राहिला. पण जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची. गाव चालत जाण्याइतकं जवळ, तो सारखा गावात जायचा, आणि त्या झोपडीत एकदा पंचवीस-तीस माणसं जमली होती असं तो स्वतःच लिहितो. त्याच्या पुस्तकात एकांतावरच्या प्रकरणाला लागून पुढचं प्रकरण पाहुण्यांवर आहे. मी हे त्याला खोटा पाडायला सांगत नाहीये, तो माझा आवडता आहे. पण त्याचा एकांत कुणीतरी त्याला वापरायला दिला होता, जसा तुमच्या घरात तुम्हाला कुणी देत नाहीये.

सहा जणांत खोली कुठून येणार, ती येणार नाही. वेळ मात्र मागता येतो. सगळ्यांनी मिळून ठरवायचं, की आपल्यात रोज कुणातरी एकाला अर्धा तास कुणी हाक मारायची नाही, तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला तरी. त्याला त्या वेळेपुरतं न बघितल्यासारखं करायचं. हे जमतं, गर्दीच्या बसमध्ये खांद्याला खांदा लावून उभे असतानाही अनोळखी माणसं एकमेकांना एवढी जागा देतात, घरातलीच देत नाहीत. आणि तुमचा अर्धा तास सगळ्यात आधी ठरवून घ्या, सगळ्यांचं झालं की बघू असं म्हणालात तर तो कधीच येणार नाही. हा पूर्ण उपाय नाही, मला माहीत आहे. कडी लागणारं दार ते दारच.

प्रश्न: वय बहात्तर. पत्नी गेली त्याला चार वर्षं झाली, मुलं लांब. तुम्ही एकांताचं इतकं कौतुक केलंत, माझ्याकडे तो भरपूर आहे, हवा तर घेऊन जा. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नाही. शेजारचा एक मुलगा कधीमधी पुस्तक मागायला येतो, दारातूनच देतो आणि दार लावतो, सवय राहिली नाही कुणाला आत घ्यायची.

उत्तर: काका, तुमच्याकडे जे आहे त्याला मी एकांत म्हणणार नाही, आणि कौतुक तर मुळीच करणार नाही. हाना आरेंट या विचारवंत बाईंनी फरक असा सांगितला होता की एकांतात माणूस स्वतःच्या सोबत असतो, एकाकीपणात स्वतःचीही सोबत सुटते. तुमचं पत्र वाचताना मला ते सारखं आठवत होतं.

लादलेलं एकटेपण माणसाला किती सोसतं याचा विचार जगाने तुरुंगांच्या निमित्ताने केलाय. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2015 मध्ये मंजूर केलेल्या मंडेला नियमांत असं आहे की कैद्याला दिवसाचे 22 तास किंवा जास्त माणसांच्या सहवासाशिवाय सलग 15 दिवसांच्या वर ठेवायचं नाही. कैद्याला, आणि 15 दिवस. तुमची चार वर्षं झाली, कुणी कोंडलेलं नाही हे खरं, पण शरीराला आणि मनाला तो फरक दर वेळी कळतोच असं नाही. ब्रिटनने 2018 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमले. तेव्हा हा तुमचा स्वभावदोष समजू नका.

मुलांना "तुम्ही फोन करत नाही" असं म्हणण्यापेक्षा वार ठरवून मागा, रविवारी सकाळी दहा मिनिटं. मागायला संकोच वाटेल, तरी मागा. झोप नीट लागत नसेल, भूक गेली असेल, तर डॉक्टरांना सांगा, आणि पत्नी गेल्याचं त्यांना सांगायला विसरू नका, ते औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तो मुलगा दिसला. थोरोच्या झोपडीत तीन खुर्च्या होत्या, तो म्हणायचा एक एकांतासाठी, दोन मैत्रीसाठी, तीन समाजासाठी. तुमच्या घरात दुसरी खुर्ची असणारच, चार वर्षांपूर्वीपर्यंत तिच्यावर कुणीतरी बसत होतं, आणि ती रिकामी ठेवण्यामागे काय असेल ते मला थोडंफार कळतं. त्या खुर्चीवर नको असेल तर दुसरी आणा. तो पोरगा पुढच्या वेळी आला की पुस्तक लगेच देऊ नका, म्हणा, आत ये, कपाट तूच उघड आणि बघ काय हवंय ते. तुम्ही काही बोलायची गरज नाही, नुसते त्याच खोलीत बसून राहा. आणि त्याने कुठलं पुस्तक काढलं ते मला लिहून कळवा, मी वाट बघतेय.